आमचं कधी भांडण झालं नाही

आमच्या घटस्फोटाच्या अर्जात कारण म्हणून 'स्वभावभिन्नता व वैचारिक मतभेद' असं छापलेलं आहे. ते साफ खोटं आहे. आमचे स्वभाव नको इतके सारखे होते. दोघंही तोंडाने काही मागणार नाही, दोघंही तक्रार करणार नाही, दोघंही 'असू दे' म्हणून पुढे जाणार. मतभेद व्हायचे तर आधी मत समोरच्याला सांगावं लागतं, आणि शेवटच्या काही वर्षांत ती तसदी कुणी घेतलीच नव्हती. वकीलबाईंना मी हे सांगून पाहिलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ताई, तो फॉरमॅट आहे. सगळ्यांना तोच. बदलला तर साहेब विचारणार, नक्की काय झालं. मग काय सांगाल?"

तीच तर पंचाईत होती. माहेरी सांगितलं तेव्हा आईने तीनच प्रश्न विचारले. पितो का? हात उचलतो का? बाहेर काही आहे का? तिन्हीला मी नाही म्हटलं. "मग?" आई म्हणाली. पुढे हा 'मग?' भावाने विचारला, नणंदेने विचारला, बँकेतल्या मैत्रिणी तर डबा खाताना रोज विचारायच्या. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. घर मोडायला काहीतरी ठोस घडावं लागतं अशी सगळ्यांचीच समजूत असते, आणि कायद्याचीही बऱ्यापैकी तीच आहे. हिंदू विवाह कायदा 1955चा. त्याच्या कलम 13 मध्ये व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर अशी कारणं दिली आहेत. 'संसार उरलाच नाही' हे कारण त्यात नाही. ते घालावं अशी शिफारस विधी आयोगाने 1978 मध्ये केली होती. 2013 मध्ये राज्यसभेने तसं विधेयकही मंजूर केलं, पण कायदा काही झाला नाही.

हे सगळं मी संध्याकाळी घरी आल्यावर वाचत बसायचे. बँकेत आयुष्य गेल्यावर नियम आणि पोटनियम वाचायची भीती राहत नाही. त्यात समर घोष विरुद्ध जया घोष हा सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल वाचला. नवरा-बायको दोघेही आयएएस अधिकारी. मानसिक क्रूरता कशाला म्हणायचं याची त्यात उदाहरणादाखल यादी दिली आहे. जाणूनबुजून सतत केलेलं दुर्लक्ष, बेपर्वाई हे क्रूरतेत बसू शकतं, असं त्या यादीत आहे. पण नुसता कोरडेपणा म्हणजे क्रूरता नव्हे, आणि संसारात रोज होणारी किरकोळ कुरबुर घटस्फोटाला पुरेशी नाही, असंही आहे. मला न्यायमूर्तींचं म्हणणं पटलं. आमच्या घरी जाणूनबुजून कुणीच काही केलं नव्हतं.

म्हणून मग परस्पर संमतीचा रस्ता. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला 'म्युच्युअल'च म्हणतात. 1976 मध्ये कायद्यात घातलेलं कलम 13-ब. त्यात कुणी कुणावर आरोप करायचे नाहीत. वर्षभर वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमत नाही, दोघांनाही मोकळं व्हायचंय, एवढंच सांगायचं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा जाऊन तेच सांगायचं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

वकीलबाईंनी पेन सरसावून पहिलाच प्रश्न विचारला, "वेगळे कधीपासून राहता?"

तो म्हणाला, "जून 2020."

मी म्हणाले, "2021ची दिवाळी."

त्या दोघांकडे आलटून पालटून बघत राहिल्या. वेगळं व्हायची तारीख नवरा-बायकोला ठाऊक नाही, असं गिऱ्हाईक त्यांना क्वचितच मिळत असावं. खरं तर दोन्ही तारखा बरोबर होत्या. तो चाकणला एका कंपनीत. लॉकडाऊनमध्ये बँक अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे मी रोज बाहेर आणि तो घरी. कंपनी सुरू झाल्यावर म्हणाला, रोज कर्वेनगर ते चाकण करण्यापेक्षा मोशीला खोली घेतो. नाशिक फाट्याचं ट्रॅफिक ज्याने भोगलंय तो याचं कारण विचारणार नाही, मीही विचारलं नाही. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मग एका शनिवाराआड. मुलाची बारावी होती, त्या वर्षी परीक्षाच रद्द झाली, आणि मुलगा शिकायला बंगळुरूला गेला. त्या दिवाळीत हा पाडव्याला आला. मी ओवाळलं, त्याने ताटात पाकीट टाकलं, आम्ही जेवलो, श्रीखंड चांगलं झालंय म्हणाला, आणि चार वाजता बॅग उचलून निघाला. मी राहा म्हणाले नाही. राहू का, असं त्यानेही विचारलं नाही. त्यानंतर तो मुक्कामाला आला नाही. या सगळ्यात आम्ही ठरवलं असं काहीच नव्हतं.

वकीलबाईंनी मग समजावलं की वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको या नात्याने न राहणं. पत्ता एकच असला तरी चालतो, सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच तसं सांगितलंय. ऐकून तो हसला आणि मलाही हसू आलं. त्या हिशेबाने 2020 सुद्धा फार उशिराची तारीख झाली असती. त्याची तारीख धरली तर सहा महिन्यांची मुदत माफ करून मागता येईल, असंही त्या म्हणाल्या. दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे राहत असाल आणि सगळी देणीघेणी मिटली असतील तर 2017 च्या निकालाप्रमाणे न्यायालय तसं करू शकतं. आम्ही दिवाळीच धरली. घाई कुणालाच नव्हती. घाई असणारी माणसं असतो तर तिथवर आलोच नसतो.

आता ते नेमकं काय होतं, ते सांगते. सांगायला लागलं की फार क्षुल्लक वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की आमच्याकडे भिडे पूल पाण्याखाली जातो. दरवर्षी जातो आणि पुणेकरांना दरवर्षी त्याचं नव्याने अप्रूप वाटतं. आमचं लग्न 2001चं. सुरुवातीची बरीच वर्षं, पूल गेल्याचं कळलं की आम्ही स्कूटर काढून नदीकाठी जायचो. गर्दीत उभं राहून मुठेचं ते गढूळ पाणी बघायचं, मीठ-तिखट-लिंबू चोळलेलं कणीस खायचं, भिजून घरी यायचं. एका पावसाळ्यात मी पेपर वाचता वाचता म्हणाले, "भिडे पूल गेला." तो लॅपटॉपवर होता. "हं," म्हणाला. काम होतं, खरंच होतं. पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा म्हणाले, तेव्हा "आज नको गं, उद्या बघू." उद्यापर्यंत पाणी उतरलं. त्याच्या पुढच्या वर्षी बातमी मी वाचली आणि पान उलटलं.

मला विचाराल तर आमच्या संसारातली सगळ्यात मोठी घटना ही. कॅलेंडरवर तिची नोंद नाही आणि कुठल्याही कलमात ती बसत नाही. त्या दिवशी मी रुसलेही नव्हते. पुढच्या वेळी सांगायचं नाही, एवढंच आतल्या आत ठरून गेलं, आणि हे 'सांगायचं नाही' हळूहळू सगळ्याच गोष्टींना लागू झालं. तो संध्याकाळचा चहा करायचा. शिफ्ट बदलली तेव्हा ते बंद झालं. मग शिफ्ट परत पहिल्यासारखी झाली, पण चहा सुरू झाला नाही. मी विचारलं नाही, कारण चहाचं काय विचारायचं?

बऱ्याच नंतर जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम वाचलं, तेव्हा कणसाचं कोडं थोडं उलगडलं. नवविवाहित जोडप्यांना त्यांनी रोजचं साधं बोलताना पाहिलं. एकाने काहीबाही म्हणायचं, 'ते बघ', 'आज काय झालं माहितीये', आणि दुसऱ्याने मान वर करायची किंवा नाही करायची. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, ती अशा हाकेला शंभरातल्या 86 वेळा ओ देत होती. ज्यांचं मोडलं होतं, ती 33 वेळा. अमेरिकेतले आकडे आपल्याला जसेच्या तसे लावावेत असं मी म्हणत नाही. पण तिथेही भिडे पुलासारखं काहीतरी असणार.

फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, हवा होता तेव्हाची गोष्ट. त्याने कधीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता म्हणून मी आमचं चॅट वर वर सरकवत गेले. 'दूध.' 'आणलं.' 'ओटीपी पाठव.' 'सोसायटी मेंटेनन्स भरला.' 'ओके.' 'सिलिंडर आला, 50 सुटे दिले.' अंगठा. 'दादाच्या सासूबाई गेल्या.' 'अरेरे. मी जाऊन येते.' 'ओके.' अंगठा. महिनेच्या महिने हे असंच. एकही वाकडा शब्द नाही. बाहेरच्या माणसाने वाचलं असतं तर म्हणाला असता, किती समजूतदार जोडपं. माझ्या शाखेतल्या सफाई कंत्राटदाराशी माझं बोलणं याहून जास्त तपशिलात होतं, आणि जास्त तावातावानेही. इंडेक्स टू सापडला. त्यासाठी खरंच खूप मागे जावं लागलं.

अर्ज दाखल झाला 2022 च्या डिसेंबरात, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. लग्नाची पत्रिका, लग्नाचा एक फोटो, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्रं. फोटो शोधताना रडू येईल अशी मनाची तयारी केली होती, पण अल्बम माळ्यावरून काढताना पालच अंगावर पडली आणि ते राहूनच गेलं. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करायचं बंधन आहे, म्हणून तुम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवतात. पैसे पडत नाहीत, आणि तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरत नाहीत. बरेचजण हा सोपस्कार समजून उरकतात. आम्हीही त्याच तयारीने गेलो होतो.

समुपदेशक मॅडम पन्नाशीच्या असाव्यात. फायली उघडल्या आणि विचारलं, "शेवटचं भांडण कशावरून झालं?"

आम्ही आठवू लागलो. खरोखर प्रामाणिकपणे. तो म्हणाला, "मुलाला सायन्सला घालायचं की..." मी म्हणाले, "ते भांडण नव्हतं, तू ठरवलंस ते मी मान्य केलं." तो म्हणाला, "हो, तेही खरंच." मग आम्ही गप्प.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "इथे एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी जोडपी येतात. त्यातली काही परत नांदायला जातात. तुमच्यासारख्यांचं मला जास्त अवघड वाटतं."

त्यांनी आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बसवलं. एक कागद दिला, त्यावर घरी एकत्र राहत होतात तेव्हाचा साधा दिवस लिहा म्हणाल्या. दोघांचे कागद त्यांनी टेबलावर शेजारी ठेवले. दोन्हीकडे असलेली एकच नोंद होती, 'मुलाला क्लासला सोडणं / आणणं'. सोडायचा तो, आणायचे मी. एवढा एक समाईक धागा, आणि मुलगा तर आता बंगळुरूला. घरकामाच्या वाटणीचा मुद्दाही निघाला. पुढे केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची 289 मिनिटं निघाली आणि ते करणाऱ्या पुरुषांची 88. आमच्याकडे तफावत त्यापेक्षा कमी होती. भाजी तो आणायचा, बिलं तो भरायचा, कपडे मशीनला लावायचा. नवऱ्याने घरकामात हात लावला की संसार सुखाचा, असं हल्ली लिहितात. लावावाच, पण आमच्या घरात कामं व्यवस्थित वाटलेली होती आणि ती आम्ही दोन शिफ्टच्या कामगारांसारखी उरकत होतो.

एकत्र बसवल्यावर मॅडम म्हणाल्या, मनात राहिलेली एकेक गोष्ट सांगा. मी माझ्या दातांचं सांगितलं. रूट कॅनाल करून, अर्धं तोंड बधिर, रिक्षाने घरी आले होते. संध्याकाळी तो आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मेथी आणलीये, निवडून ठेवू का?" सुजलेला गाल त्याला दिसला नव्हता. हे ऐकताना तो ओशाळला वगैरे नाही, त्याला नवलच वाटलं. "तू सांगितलं नव्हतंस," म्हणाला. "दिसत होतं," मी म्हणाले.

मग त्याने त्याचं सांगितलं. एका मार्चमध्ये त्याला ताप होता. मी उशाशी तांब्या-भांडं ठेवलं, क्रोसिनची पट्टी ठेवली, खिचडी झाकून ठेवली आणि बँकेत गेले. "सगळं ठेवलंन्," तो मॅडमना म्हणाला, "काही म्हणजे काही कमी नव्हतं. कपाळाला हात तेवढा लावला नाही." त्याचं खरं होतं. त्या दिवशी शाखेत ऑडिट होतं, तेही खरं होतं. पण इतकी वर्षं ही गोष्ट तो जवळ बाळगून होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, याचा मला राग आला. मी आवाज चढवून म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललास?" तोही तितक्याच जोरात म्हणाला, "तू बोलतेस का कधी?" बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. मॅडमनी आम्हाला थांबवलं नाही. बहुधा आमचं लग्नानंतरचं ते पहिलं धड भांडण.

त्यानंतर काही जमून येईल असं मॅडमना वाटलं असावं, त्यांनी पुढची भेट दिली. आम्ही गेलोही. पण एकदा सगळं बोलून टाकल्यावर दोघांनाही हलकं वाटत होतं, आणि ते हलकेपण परत एकत्र राहण्याच्या बाजूचं नव्हतं. मी स्वतःला चाचपून पाहिलं. हा उद्या परत राहायला आला तर? आनंद होत नव्हता, त्रासही होत नव्हता. पाहुण्यांची खोली आवरावी लागेल, असा विचार मनात आला. हे मी मॅडमना एकटीने सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तो वेगळ्या शब्दांत हेच म्हणाला."

सासूबाई साताऱ्याला असतात. त्यांनी फोनवर सुनावलं, "आमच्यात ताटं भिरकावली जायची. तुझे सासरे दोन-दोन दिवस जेवायचे नाहीत. पण मोडलं का आमचं?" ताट भिरकावण्यात मला काही थोर वाटत नाही. त्यांना ते पुसून काढावं लागायचं, आणि मोडून जायला त्यांना जागाही नव्हती. पण सासरे जेवले नाहीत तर घरात दोन दिवस तोच विषय असायचा, एवढं मात्र मला त्या फोननंतर जाणवत राहिलं. आमच्याकडे कुणी जेवलं नाही तर समोरच्याला वाटायचं, बाहेरून खाऊन आला असेल.

सहा महिन्यांत संमतीच्या अटी तयार करायच्या होत्या. फ्लॅट माझ्याकडे, उरलेलं कर्ज माझं. त्याची गावाकडची जमीन त्याची. स्त्रीधन परत मिळालं असा उल्लेख. मुलाच्या फीचा खर्च निम्मा-निम्मा. पुढे पोटगी मागणार नाही. या कामासाठी आम्ही शनिवारी घरी बसायचो आणि, गंमत बघा, गेल्या दहा वर्षांत बोललो नसू इतकं बोललो. फ्रिजच्या वॉरंटीचं कार्ड त्याने जपून ठेवलं होतं. माझ्या आजीचा पितळी बंब मोशीच्या खोलीत नेऊ का, असं त्याने विचारलं, मी नाही म्हणाले आणि तो चक्क पाच मिनिटं हुज्जत घालत बसला. वकीलबाई म्हणाल्या, "इतकं जमतंय तर घटस्फोट कशाला घेताय?" पण हिशेब तर आमचा नेहमीच जमत होता. बिलं, फी, सिलिंडर, कुठे काही चुकलं नव्हतं.

2023 च्या पावसाळ्यात शेवटची तारीख लागली. पुकारा झाला, आम्ही उभे राहिलो. न्यायाधीशबाईंनी प्रत्येकाला विचारलं, कुणाचा दबाव आहे का, अटी वाचल्या आहेत का, पुन्हा विचार करायचाय का. दोघांनी एकाच वेळी नाही म्हटलं. सगळं आटपायला पाचेक मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन आम्ही गाडीवर चहा घेतला, पैसे त्याने दिले. मुलाला फोन कुणी करायचा यावर थोडं अडलं, मग स्पीकरवर ठेवून दोघांनी केला. मुलगा म्हणाला, "मला दोन वर्षांपूर्वीच वाटलं होतं." आणि मेसमध्ये जेवायला चाललोय म्हणून त्याने फोन ठेवला.

हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत मिळाल्यावर खरी धावपळ सुरू झाली. पॅन, आधार, बँकेचं केवायसी, सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट, विम्याचं वारसाचं नाव, रेशन कार्ड. एकेका खिडकीवर तीच प्रत दाखवायची आणि तोच प्रश्न ऐकायचा, "काय झालं होतं?" मी आता 'स्वभावभिन्नता' असं सांगून मोकळी होते. सगळं बदलून झालंय. फक्त गॅसचं कनेक्शन अजून त्याच्या नावावर आहे. एजन्सीवाला म्हणतो, जुन्या ग्राहकाने येऊन सही करावी लागेल. शनिवारी साडेदहाला तो मोशीहून यायचाय. कागद आठवणीने आण, असं मी त्याला फोन करून सांगितलंय.